खडूने आखलेला रस्ता

नव्वदच्या दशकात मुंबईत विजेवर चालणारी व्हीलचेअर शिकवायची म्हणजे आधी ओपीडी संपायची वाट बघायची. मग व्हरांड्यातली बाकं भिंतीला सरकवायची, फरशीवर खडूने रेघा मारायच्या आणि वळणावळणावर पाणी भरलेल्या बाटल्या उभ्या करायच्या. खुर्ची बहुधा कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली. ओरखडा उठला तरी घरच्यांचा जीव खालीवर. शिकणारा तर जॉयस्टिकला बोट लावायच्या आधीच घामाघूम.

पुढे ढकलली की चालते, सोडली की थांबते, हे पाच मिनिटांत कळतं. खरी गंमत पुढेच. मोटार मागच्या चाकांना असेल तर वळताना पावलं बाहेर फेकली जातात, पुढच्या चाकांना असेल तर पाठ. मागे घेताना पुढची छोटी चाकं गर्रकन उलटी फिरतात आणि खुर्ची क्षणभर भलतीकडेच जाते. माझा हात कायम बंद करायच्या बटणापाशी. तरी भिंतीचे पोपडे निघायचेच, आणि त्यासोबत माणसाची उमेदही.

जॉर्ज क्लाइन यांनी महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी विजेची खुर्ची घडवली ती कॅनडात. तिथल्याच मॅकगिल विद्यापीठात पुढे तिचा सिम्युलेटर झाला: जॉयस्टिक खरी, रस्ता पडद्यावरचा. आता तर डोळ्यांवर हेडसेट चढवला की दुकान, लिफ्ट, रस्त्याचं वळण, सगळं हजर. धडकलात? पुन्हा सुरू करा. खुर्ची अजून हातात न आलेला माणूसही सराव करू शकतो. हे आमच्याकडे असतं तर कितीतरी जण भीतीपायी अर्ध्यात सोडून गेले नसते.

अर्थात काहींना हेडसेटने मळमळतं. डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतो बसलोय. पलंगाशेजारी बेताने खुर्ची लावणं तिथे उलट अवघड जातं. उंबरठ्याचा दणका तर बसतच नाही.

आणि त्या आभासी वाटेवरची माणसं फार शहाणी. आमच्या व्हरांड्यात कुणीतरी काका न विचारता मागून हँडल धरायचे, "थांब बाळा, मी ढकलतो." मोटारीचा ब्रेक लागलेला, खुर्ची तसूभर हलायची नाही. मग तोवर गप्प असलेला मुलगा खणखणीत आवाजात म्हणायचा, "काका, हात काढा, मी चालवतोय!" असे काका अजून कुठल्या सिम्युलेटरमध्ये माझ्या पाहण्यात नाहीत. घालायला हवेत.