किंक्स : थोरांच्या सावलीतला एक बँड

साठच्या दशकातील ब्रिटिश रॉकविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, ते बहुधा बीटल्सपाशी सुरू होऊन रोलिंग स्टोन्सपाशी संपते. किंक्सचे नाव निघालेच तर 'यू रियली गॉट मी' (१९६४) या एका गाण्यापुरते. उत्तर लंडनमधील मसवेल हिल या उपनगरातले रे आणि डेव्ह डेव्हिस हे दोघे भाऊ, जोडीला पीट क्वेफ आणि मिक एव्हरी. डेव्हने आपल्या स्वस्तातल्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा पात्याने चिरला आणि त्यातून निघालेल्या खरखरीत आवाजाने पुढच्या कितीतरी रॉक संगीताला वाट दाखवली. हे सारे खरेच. पण एवढ्यावर किंक्सची ओळख आटोपणे म्हणजे एखाद्या कादंबरीकाराची पहिली कथा तेवढी वाचून त्याला निकालात काढण्यासारखे आहे.

या बँडचे खरे लेखन (मी मुद्दाम 'लेखन' म्हणतो) १९६६ ते १९६९ या चार वर्षांतले. १९६५ साली अमेरिकेतील संगीतकारांच्या संघटनेने किंक्सला कार्यक्रमांचे परवाने नाकारले आणि ते दार थेट १९६९ मध्ये उघडले. ऐन भरात जगाची सर्वांत मोठी बाजारपेठ बंद झाल्यावर रे डेव्हिसची नजर अधिकाधिक घराकडे वळली. 'फेस टू फेस' (१९६६) आणि 'समथिंग एल्स' (१९६७) या अल्बमांतून मध्यमवर्गीय इंग्लंडमधली माणसे एकेक करून येऊ लागली. 'वॉटर्लू सनसेट'मध्ये तर खिडकीतून स्टेशनाकडे पाहणाऱ्या एकाकी माणसाखेरीज फारसे काही घडतच नाही. तरीही ते गाणे एखाद्या उत्तम लघुकथेसारखे मनात रेंगाळते.

२२ नोव्हेंबर १९६८ रोजी 'द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी' हा अल्बम ब्रिटनमध्ये आला. त्याच दिवशी बीटल्सचा 'व्हाइट अल्बम'ही आला. विक्रीच्या यादीत किंक्सला जागाच मिळाली नाही. पॅरिस आणि प्रागचे ते वर्ष. क्रांतीची भाषा सर्वांच्या तोंडी असताना गावातले गवताचे सामायिक पटांगण, वाफेचे शेवटचे इंजिन, फोटोंचा आल्बम, दुरावलेला बालमित्र यांची गाणी कोण ऐकणार? ती प्रतिगामी वाटली असल्यास नवल नाही. परंतु नीट ऐकल्यास ध्यानात येते, की हे निव्वळ स्मरणरंजन नव्हे. शीर्षकगीतातील 'आम्ही' मुरंब्यापासून डोनाल्ड डकपर्यंत वाटेल ते जतन करायला निघालेले आहेत. या यादीतच थट्टा आहे आणि ती थट्टा करणाऱ्याचा गळाही किंचित दाटलेला आहे. गाव सोडून गेलेल्यालाच गाव आठवते, आणि फोटो काढावा लागतो तो गोष्ट हातून निसटते आहे म्हणूनच, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

गावाविषयी आपल्या साहित्यातही दोन पवित्रे जुने आहेत : गहिवर आणि तुच्छता. रे डेव्हिस या दोन्हींच्या मधल्या अवघड जागेवर उभा राहतो. जुन्नरसारख्या तालुक्याच्या गावी राहून हा अल्बम ऐकताना ती जागा मला फार ओळखीची वाटते. इंग्लंडमधील म्युझिक हॉल ही श्रमिकांच्या करमणुकीची परंपरा. विनोद, गाणे, सोंग यांचे ते मिश्रण मावळत असताना किंक्सने त्याची लकब रॉकमध्ये आणली. आमच्या शेजारी नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात. गण, गवळण, बतावणी, वग या क्रमातला हजरजबाबीपणा आणि किंक्सच्या गाण्यांतला तिरकसपणा यांत मला तरी सख्खे नाते दिसते. पण जतनाच्या भाषेत जी फट असते तीही इथेच दिसते. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. पुढे राज्य शासनाने त्यांच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कला जपायची आणि कलावंत विसरायचा, अशा 'प्रिझर्वेशन सोसायट्या' आपल्याकडेही आहेत. तो अल्बम थट्टा करतो ती नेमकी कशाची, हे मला इथे अधिक उमगते.

आता या बँडशी असलेला आपला थेट संबंध. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना किंक्स मुंबईत थांबले. पहाटे कामावर निघालेल्या कोळ्यांचे गाणे रे डेव्हिसच्या कानी पडले. त्यातून 'सी माय फ्रेंड्स' हे गाणे जन्मले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सतार नाही. गिटारच्याच तारा तंबोऱ्यासारख्या एका स्वराभोवती घुमत राहतात. बीटल्सचे सतार असलेले 'नॉर्वेजियन वुड' डिसेंबरात, म्हणजे त्यानंतर आले. श्रेय मात्र बहुतेक वेळा बीटल्सलाच दिले जाते.

पण श्रेयाचा प्रश्न किंक्सपाशी थांबत नाही. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे तीन शिलालेख आहेत. इरिलाने पाण्याची टाकी दिली, चिटाने भोजनमंडप, चंदाने लेण्याचे दर्शनी काम. परदेशी माणसांनी इथे जे दिले त्याची नोंद सुमारे दोन हजार वर्षे दगडात टिकली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या त्या कोळ्यांनी जे दिले त्याला नाव नाही. त्या पहाटेचे गाणे कोणते, गाणारे कोण, हे कुठेही लिहिलेले नाही. रे डेव्हिसने ते ऋण मुलाखतींतून सांगितले, हा त्याचा मोठेपणा. ती नोंद ठेवणे हे मात्र आपले काम होते. आपल्या विद्यापीठांत लोकगीतांवर एवढे प्रबंध होतात; त्यांत गाणाऱ्याचे नाव कितीदा येते, हे एकदा तपासून पाहावे.

ज्यांनी किंक्स ऐकलेले नाहीत त्यांनी 'समथिंग एल्स'पासून सुरुवात करावी, मग 'व्हिलेज ग्रीन', आणि शेवटी साम्राज्य ओसरल्यावर ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका सामान्य इंग्रज कुटुंबाची कथा सांगणारा 'आर्थर' (१९६९). ज्या साम्राज्याचा इतिहास आपण प्रजेच्या बाजूने शिकलो, त्याने मायदेशातल्या साध्या माणसाच्या हातीही फारसे काही ठेवले नाही, हे 'आर्थर' ऐकताना कळते. वसाहतोत्तर साहित्याच्या वर्गात तो आवर्जून लावावा.