भट्टीपर्यंत आलेलं गिऱ्हाईक

मॅनहोलची झाकणं घेणारा माणूस स्टॉलवर आला की आधी झाकणावर उभा राहतो. या पायावरून त्या पायावर भार टाकत ते चौकटीत डुलतंय का पाहतो. मग वाकून कडेवरून बोट फिरवतो आणि जवळ हातोडी असेल तर ठोकून आवाज ऐकतो. एसजी आयर्न, म्हणजे गोल ग्रॅफाइटचं बीड, खणखणतं; साधं बीड बद्द वाजतं. कॅटलॉगकडे तो सगळ्यात शेवटी वळतो. असा माल पडद्यावर कसा विकायचा, हा प्रश्न 2020 साली, कोविडच्या काळात, हावड्यातल्या कितीतरी फौंड्र्यांपुढे होता.

मी मूळची कोल्हापूरची. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये होते. धातुशास्त्र शिकले, लग्नानंतर हावड्याला आले आणि लिलुआच्या बाजूला एका फौंड्रीत गुणवत्ता विभाग सांभाळू लागले. काळी वाळू दोन्हीकडे तीच, धंद्याची तऱ्हा मात्र निराळी. कोल्हापूरचं ओतकाम ऑइल इंजिनांवर वाढलं आणि पुढे वाहन उद्योगाला लागलं. पुण्याचं गिऱ्हाईक सकाळी गाडीत बसतं आणि दुपारी शिरोलीत मोल्डिंग लाइनपाशी उभं असतं. हावड्याच्या झाकणांचं गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेतलं, तिथल्या नगरपालिकांना आणि पाणी-वीज कंपन्यांना माल देणारं. ते दारात क्वचितच येतं. त्यामुळे आमच्याकडे परदेशातल्या प्रदर्शनाला फार किंमत. तिथे झालेल्या ओळखीवर कारखान्याची पुढची काही वर्षं निघतात.

पाणी आणि सांडपाण्याच्या क्षेत्रातलं मोठं प्रदर्शन म्हणजे म्युनिकचं इफाट. ते मे 2020 मध्ये व्हायचं होतं. आधी सप्टेंबरवर गेलं, मग रद्दच झालं. 1947 पासून चालत आलेला हॅनोव्हर मेसेही त्या वर्षी झाला नाही. एप्रिल 2021 मध्ये तो पूर्णपणे ऑनलाइन भरला. चीनने तर जून 2020 मध्येच कँटन फेअर ऑनलाइन भरवून दाखवला होता. आमच्या मालकांनी, म्हणजे बाबूजींनीही, त्या हिवाळ्यात एका आभासी प्रदर्शनात जागा घेतली. म्युनिकच्या स्टॉलपुढे भाडं किरकोळ होतं. व्हिसा, विमान, हॉटेल हा खर्च नव्हता आणि जहाजाने महिनाभर आधी नमुने रवाना करण्याची धावपळही नव्हती. छोट्या कारखान्याला ही सुटका किती मोठी असते, ते हिशेबाच्या वहीजवळ बसल्याशिवाय कळत नाही.

प्रत्यक्षात समोर आलं ते रंगवलेलं दालन. चकचकीत फरशी, चित्रातल्या कुंड्या, चित्रातली माणसं आणि आमच्या नावाच्या पाटीखाली पीडीएफ उतरवून घ्यायचं बटण. खऱ्या दालनाची नक्कल करण्यात सगळी हुशारी खर्च झालेली. बूथवर येणाऱ्यांत खरेदीदार थोडे. बाकीचे आम्हालाच काहीतरी विकायला आलेले, मालवाहतूकवाले, विमावाले, वेबसाइट करून देणारे. खऱ्या प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर आलेला माणूस जाता जाता आपल्याकडे थबकतो, आणि असं थबकणाराच पुढे ऑर्डर देतो. पडद्यावर कुणी असं जाता जाता थांबत नाही. इथे येणारा नाव शोधून येतो, आणि आमचं नाव कोण शोधणार?

तरी एक जण आला. नेदरलँड्सचा खरेदीदार, मोजकं बोलणारा. पीडीएफ बाजूला सारून तो म्हणाला, ‘हे तुमच्याकडे ओततात कसं, ते दाखवता का?’

बाबूजींचा चेहरा उतरला. त्याला कारण होतं. नोव्हेंबर 2007 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हावड्यातल्या एका फौंड्रीचे फोटो छापले होते. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची झाकणं इथे तयार होतात आणि ती ओतणारे कामगार वितळलेल्या लोखंडापाशी अनवाणी, उघड्या अंगाने वावरतात, हे जगाने पाहिलं. तिथल्या वीज कंपनीने कंत्राटात सुरक्षिततेच्या अटी घालण्याचं जाहीर केलं. तो कारखाना आमचा नव्हता, पण धसका सगळ्या हावड्याने घेतला होता. तेव्हापासून फौंड्रीत कॅमेरा म्हटलं की इथले मालक दार लावून घेतात.

बाबूजींनी खरेदीदाराकडून थोडा अवधी मागून घेतला. मग जे बूट, पायावरचे गार्ड, चामड्याचे एप्रन आणि गॉगल मी कित्येक महिने मागत होते, ते सगळं आठवड्याच्या आत आलं. वितळलेल्या धातूचं भांडं, म्हणजे लॅडल, घेऊन चालायची वाट मोकळी झाली, तिथला पडीक भंगाराचा ढीग हलला. बूट सुरुवातीला कुणालाच आवडले नाहीत. भट्टीजवळच्या उष्म्यात पाय उकडतात, ही तक्रार खरीच आहे. म्हणून ओतकामाच्या बाजूला दोन मोठे पंखे बसवून घेतले.

वेळ मात्र आपोआप जुळली. आमच्याकडे सकाळी साचे होतात आणि ओतकाम दुपार कलल्यावर सुरू होतं. हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिथे ऐन कामाची वेळ. मोबाइल स्टँडवर लावला. धातू लॅडलमध्ये घेतला, मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली, डोळे दिपवणारा पांढरा उजेड उठला आणि साचे भरत गेले. दालनातल्या स्टॉलवर हे कधीच दाखवता येत नाही. तिथे पोचतं ते धुऊन-रंगवून काळं केलेलं झाकण.

मग आदल्या दिवशीचं झाकण टांगून मी हातोडीने ठोकलं. पलीकडून उत्तर आलं, ‘काही ऐकू येत नाही.’ माझं बोलणं त्याला स्पष्ट कळत होतं, ठोका तेवढा गायब. मीटिंगचं सॉफ्टवेअर माणसाच्या आवाजाखेरीज बाकी सगळं गोंगाट म्हणून कापून टाकतं. ज्या आवाजावर आमचा माल पारखला जातो, तोच नेमका सॉफ्टवेअरला कचरा वाटत होता. डिस्पॅचच्या पोराने सेटिंगमध्ये जाऊन ‘ओरिजिनल साउंड’ चालू केला. पुन्हा ठोकलं, आणि तो खणखणीत आवाज विरेपर्यंत पलीकडचा माणूस बोलला नाही.

त्यानंतर भारचाचणीचा प्रेस. डी 400 वर्गाच्या झाकणाने 400 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 40 टनांचा भार सोसला पाहिजे. युरोपीय मानकानुसार आधी त्याच्या दोन तृतीयांश भार पाच वेळा द्यायचा, झाकणाला कायमचा बाक किती आला ते मोजायचं आणि मग पूर्ण भार द्यायचा. डायल गेजवर कॅमेरा रोखून आम्ही काटा दाखवला. सूक्ष्मदर्शकाखालचे ग्रॅफाइटचे गोल कणही दाखवले. त्याने मध्येच विचारलं, ‘कडेला ब्लोहोल येऊ नये म्हणून काय करता?’ मी उत्तर द्यायच्या आधी साचे करणारे आमचे जुने मोल्डर, चाचा, पुढे झाले. मूठभर वाळू दाबून त्यांनी मोडून दाखवली, ओल किती हवी ते हिंदीत सांगितलं, साच्यात हवा जायला सळईने भोकं कशी पाडतात तेही दाखवलं. मी भाषांतर करत होते, पण तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर चाचांच्या हातावर होती.

चाचांचं असं पुढे येणं मला या सगळ्यात मोलाचं वाटतं. म्युनिकला मालक जातात, मार्केटिंगचा माणूस जातो. चाळीस-चाळीस वर्षं वाळू दाबणारा माणूस कधी जात नाही, आणि मालाबद्दल सगळ्यात जास्त त्यालाच ठाऊक असतं. आभासी प्रदर्शन दालनाची नक्कल करतं तेव्हा फिकं पडतं. कारखान्याचं दार उघडतं तेव्हा ते दालनाच्या पुढे जातं.

झाकण डुलतंय की नाही, हे पडद्यावर कळत नाही ते नाहीच. त्यासाठी आम्ही चौकटीसह एक झाकण विमानाने पाठवलं, भाडं सोसून. त्याने ते आपल्या गोदामात मांडलं, त्यावर उभा राहिला आणि मगच चाचणीपुरती छोटी ऑर्डर दिली.

2022 च्या मे अखेरीस इफाट पुन्हा म्युनिकला भरलं. बाबूजी गेले, आणि मला ते योग्यच वाटलं. जेवणाच्या टेबलावर जुळणाऱ्या ओळखी कुठल्याही पडद्यावर जुळत नाहीत. पण त्यांच्या स्टॉलवर एक स्क्रीन होता, आणि ओतकामाच्या वेळेला तो आमच्या शॉप फ्लोअरशी जोडलेला असायचा.

आता माझं मागणं आहे ते हावड्यातल्या बेलिलियस रोडवरच्या लहान फौंड्र्यांसाठी. त्यांच्याकडे भारचाचणीचा प्रेस नाही, इंग्रजी बोलणारा माणूस नाही, म्युनिकचं भाडं तर सोडूनच द्या. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन 1950 पासूनची संस्था आणि तिचं मुख्यालय इथेच, कोलकात्यात. अभियांत्रिकी निर्यातीची परिषद, ईईपीसी, हिचंही इथेच. या दोघींनी मिळून हावड्यात एक सामायिक चाचणीकक्ष उभारावा. प्रेस, सूक्ष्मदर्शक, चांगला कॅमेरा, चांगला माइक आणि एक दुभाषा, एवढं पुरे. लहान कारखानदाराने झाकण हातगाडीवर घालून तिथे आणावं आणि रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकासमोर त्यावर 40 टन भार चढवून दाखवावा. आणि येताना सोबत आपल्या मोल्डरला आणावं.