बानूची पाठ

संध्याकाळी वाडा पडला की आमच्यात पहिलं काम ठरलेलं. चूल मांडायची नाही, पाण्याला जायचं नाही, पोरं भुकेनं रडत असली तरी त्यांच्याकडं बघायचं नाही. आज्जी आधी घोडीपाशी जायची. पोटाखालून आवळलेल्या दोराची गाठ दिवसभराच्या घामानं घट्ट झालेली असायची. ती बोटांना दाद द्यायची नाही, मग आज्जी वाकून दातांनी ओढायची. एका अंगाचं पोतं आईनं धरायचं, दुसऱ्या अंगाचं चुलतीनं, म्हणजे ओझं एकाच वेळी दोन्हीकडून उतरेल. मग कोंबड्या, हंडा, तवा, पालाचं कापड, आणि सगळ्यात शेवटी घोंगड्यांच्या घड्यांचं खोगीर. खोगीर निघालं की पाठीवरून वाफ निघायची. वाळल्या गवताचा बोळा करून आज्जी ती पाठ मानेपासून कमरेपर्यंत चोळायची. घाम वाळून मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असत, ते जाईपर्यंत. "झालं बाई, झालं. पोचवलंस," एवढंच म्हणायची. रोज तेच शब्द.

त्या घोडीचं नाव बानू. मेंढपाळाच्या फिरत्या बिऱ्हाडाला आम्ही वाडा म्हणतो. आमचं गाव बारामतीच्या पट्ट्यातलं, पाऊस बेताचा, त्यामुळं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं. नीरेच्या काठाकाठानं शिरवळ, पुढं भोर, वरंधा घाट उतरून महाडच्या बाजूला कोकणात. तिथं भात निघालेली खाचरं मोकळी असतात. रात्री शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी भात देतो, कधी पैसे. मिरगाच्या आत परत घाटावर. गडीमाणसं मेंढरांबरोबर रान धरून चालायची. बाया, पोरं आणि घोडी सडकेनं पुढं जायची आणि मेंढरं येण्याआधी नव्या जागी चूल पेटवायची. म्हणजे घोडी ही आमच्यात बायांच्या कारभारातली. तिच्या पाठीवर कधी कुणी फेटेवाला बसला नाही. बसलो ते आम्ही, चालता न येणारी पोरं, आणि आमच्या मांडीत त्या दिवशी जन्मलेली कोकरं.

बानू वाड्यातच जन्मली, 1978च्या शिमग्याच्या सुमारास, महाडजवळच्या एका खाचरात. मी तेव्हा चार वर्षांची. तिची आई रात्री व्याली आणि सकाळी उजाडलं तेव्हा शिंगरू उभं होतं. पाय नुसते लांब लांब, गुडघे मोठे, काय करायचं ते ठाऊक नसल्यासारखे. दुसऱ्या दिवशी वाडा हलायचा होता, तो हलला. शिंगरू आईच्या मांडीला चिकटून चाललं. आज्जीनं नाव ठेवलं बानू. खंडोबाची बाणाई धनगराची लेक, मेंढरांमागून देवाच्या घरी गेलेली. आमच्या घरात ते नाव माणसाला, जनावराला सारख्याच मायेनं लागतं.

रंगानं कुम्मैत, पाय काळे, कपाळावर पांढरी चांदणी. उंची खांद्याशी साडेचार फुटांच्याही आत. लग्नाच्या वरातीतली उंचीपुरी, नाचरी घोडी बघणाऱ्याला ती तट्टूच वाटली असती, आणि तट्टूच होती. पण खूर असा टणक, की घाटातल्या धोंड्यांवरून बोजा घेऊन उतरताना मी तिला घसरलेली पाहिली नाही. उतारावर ती आधी पुढचा पाय ठेवायची, दगड हलतो का ते अजमावायची, मगच अंग टाकायची. आज्जी म्हणायची, "ती बघती तिथं तू पाय ठेव." वरंधा घाट मी असा उतरायला शिकले, घोडीच्या पावलावर पाऊल ठेवून.

तीन वर्षांची झाल्यावर तिच्या पाठीवर पहिल्यांदा ओझं चढलं, नुसत्या कोंबड्या आणि दोन रिकामी पोती. पुढं हळूहळू सगळा संसार.

माझ्या हातून तिची पाठ लागली ती मी अकरा वर्षांची असताना. त्या दिवशी चुलती आजारी होती, म्हणून एका बाजूचं ओझं मी बांधलं. हंडा पोत्याच्या वर ठेवायचा सोडून मी तो पोत्याच्या आणि पाठीच्या मध्ये दाबला. लवकर आटपायचं होतं. खोगिराची घडी एका जागी सरकली होती, तीही नीट केली नाही. दिवसभर हंड्याची कड तिच्या पाठीवर घासत राहिली. बानू एकदाही थांबली नाही. मान मात्र जरा खाली होती आणि कान मागं पडलेले. ते मी बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळी खोगीर काढलं तेव्हा तळहाताएवढी कातडी गेली होती. रक्त घोंगडीला चिकटून वाळलेलं. आज्जीनं कोमट पाण्यानं घोंगडी भिजवून ती अगदी सावकाश सोडवली. बानूची कातडी माशी बसल्यावर थरथरते तशी थरथरत होती, पण तिनं पाय उचलला नाही. हळद आणि करंजाचं तेल लावलं. मला मार बसला नाही. कुणी रागं भरलं नाही. सकाळी वाडा हलताना आज्जीनं हंडा माझ्यापुढं ठेवला, आत तवा, उलथनं, पितळ्या, मिठाची बरणी. "तिची पाठ बरी हुस्तवर ह्ये तुझ्या डोईवर."

एकोणीस दिवस मी तो हंडा वाहिला. रोजची चाल सात-आठ मैल. पहिल्या दिवशी मान गेली, तिसऱ्या दिवशी टाळूवरची जागा हुळहुळायला लागली, तेव्हा चुंबळ नीट कशी वळायची ते कळलं. एक कापड कमी पडलं की सगळं वजन एका बिंदूवर येतं. बानू माझ्या पुढं चालायची, पाठीचा तो भाग मोकळा ठेवून बांधलेलं हलकं ओझं घेऊन. मुक्कामाला पोचल्यावर आज्जी आधी तिचं ओझं उतरवायची, मग माझ्याकडं यायची, हंडा उतरवायची आणि माझी मान चोळायची. शब्द तेच. "झालं बाई, झालं. पोचवलंस."

तिथं केस पुन्हा आले ते पांढरे. उजव्या अंगाला, खोगिराच्या कडेशी, रुपयाएवढा पांढरा ठिपका. तो तिच्याबरोबर शेवटपर्यंत राहिला.

पुढं मला मावशीकडं बारामतीला शाळेत ठेवलं. इतिहासाच्या तासाला भीमथडीच्या तट्टांबद्दल ऐकलं तेव्हा मी बाकावर ताठ झाले. भीमथडी म्हणजे भीमेच्या थडीचा, काठचा मुलूख. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात त्या नावाचा तालुकाच होता. आपल्या घोड्यांनी यमुनेचं पाणी प्यायलं असं सगळे अभिमानानं सांगतात, आणि ते खरंही आहे. नीरेकाठचं होळ गाव आमच्या वाटेवर लागतं. मल्हारराव होळकरांचं घराणं तिथलं. 1693 साली जन्मलेला हा धनगराचा मुलगा लहानपणी आईबरोबर खानदेशात तळोद्याला मामाकडं गेला, घोड्यावर बसून पुढं माळव्याचा सुभेदार झाला. होळवरून जाताना आबा, म्हणजे माझे आजोबा, न चुकता पागोट्याला हात लावायचे. आणि मग बानूच्या मानेवर थाप मारायचे. मला लहानपणी वाटायचं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता वाटतं, त्यांचा तो एकच नमस्कार होता.

कारण फौजा होत्या तशा पागाही होत्या. स्वतःचं घोडं घेऊन येणारा शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. सभासदानं जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. त्या दोघांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, पण मला बखरीतल्या सगळ्या सरदारांपेक्षा ते जवळचे वाटतात. आणि चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र तर मी कितीदा वाचलं असेल. दाणा-वैरण आत्ताच मनाला येईल तशी संपवलीत तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, हेही आहे. केवढ्या मोठ्या राज्याचा धनी, आणि त्याच्या डोळ्यांपुढं गवताच्या गंजीत शिरणारा उंदीर आहे! आबांनी हे पत्र वाचलं नव्हतं, त्यांना वाचताच येत नव्हतं. पण घरच्या गंजीपाशी ते कंदील नेऊ द्यायचे नाहीत. वैरण काढायची ती दिवसाउजेडी. हे त्यांच्या बापानं सांगितलेलं, त्यांना त्यांच्या बापानं.

1818मध्ये पेशवाई गेली. फौजा मोडल्या, पागा ओस पडल्या. त्या घोड्यांचं काय झालं, हे शाळेत कुणी विचारत नाही. ती आमच्यासारख्यांच्या दावणीला टिकली. मुलूख जिंकायचं काम संपल्यावर त्यांनी चुली वाहिल्या, म्हाताऱ्या वाहिल्या, लंगडी कोकरं वाहिली. दोनशे वर्षं भीमथडीचं रक्त राखलं ते मुख्यतः मेंढपाळाच्या पालानं, आणि राखायचं म्हणून नाही, घोडीशिवाय बिऱ्हाड हलत नाही म्हणून. 2023 साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं. ती बातमी वाचली तेव्हा मला बानूचा तो पांढरा ठिपका आठवला, आणि वाटलं, हे कागद दाखवायला आज्जी हवी होती.

आषाढात आम्ही घरी असायचो. तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत बारामतीवरून येते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढरांचं रिंगण होतं. आमचीही मेंढरं त्यात कितीदा धावली. पुढं बेलवाडीला घोड्याचं गोल रिंगण. अश्व धावून गेला की त्याच्या टापेखालची माती उचलून कपाळाला लावायला माणसांची झुंबड उडते. आज्जीही लावायची. पण एक चिमूट ती पदराच्या टोकाला गाठ मारून घरी आणायची, आणि गोठ्यात जाऊन बानूच्या चांदणीवर टेकवायची. बानू मान खाली घालायची. तिला वाटायचं काहीतरी खायला आणलंय. मग आज्जी दुसऱ्या गाठीतून लाह्या काढून द्यायची.

बानूनं पाच शिंगरं दिली. विसाव्या वर्षानंतर तिच्या पाठीवरचं ओझं कमी कमी होत गेलं, शेवटी पुन्हा नुसत्या कोंबड्या. वाड्याबरोबर ती मात्र जायचीच. गावातल्या एका माणसानं वरातीसाठी मागितली होती, बरे पैसे देत होता. दादांनी, माझ्या वडिलांनी, आज्जीकडं पाहिलं, आज्जी भाकरी थापत राहिली, तेवढ्यावर विषय मिटला. दात झिजल्यावर तिला कडबा चावेना. तोंडात फिरवून ओला गोळा खाली टाकायची. मग आज्जी बाजरीची भाकरी कुस्करून ताकात भिजवायची आणि पाटीत घालून तिच्यापुढं धरायची. स्वतः आज्जीलाही तेव्हा दात नव्हते. दोघी एकच जेवण जेवायच्या. मी सुट्टीला यायचे, तेव्हा बघायचे.

2004च्या पावसाळ्यात, घरीच, बानू बसली ती उठली नाही. घोडं उभ्यानंही झोपतं, म्हणून ते बसून राहिलं की घरातल्यांचा जीव खालीवर होतो. दोन दिवस आम्ही आळीपाळीनं जवळ होतो. कूस बदलून द्यायचो, खाली कोरडं गवत सारायचो. दुसऱ्या रात्री आज्जी तिच्याशेजारी घोंगडं टाकून निजली. पहाटे मला हाक मारली. मी गेले तेव्हा तिच्या हातात गवताचा बोळा होता आणि ती बानूची पाठ चोळत होती, मानेकडून कमरेकडं, सावकाश. त्या पाठीवर ओझं नव्हतं, घाम नव्हता. ते शब्द मी त्या पहाटे शेवटचे ऐकले. आमच्या बांधावरच्या बाभळीखाली तिला पुरलं. दादांनी आणि भावानं पुरुषभर खड्डा घेतला, चिखलात.

आज्जी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. मी बारामतीला शिकवते. भाऊ अजून मेंढरं घेऊन जातो. बरीचशी भांडीकुंडी आता टेंपोतून जातात, पण घाटात आणि आडरानात घोडी लागतेच. त्याच्याकडं बानूच्या नातीची मुलगी आहे, तीही कुम्मैत. मागच्या माघात शनिवारी शाळा सुटल्यावर मी एसटीनं भोरला उतरले आणि वाड्याच्या मुक्कामावर गेले. वाडा नुकताच येऊन टेकला होता. भावजय पाण्याला निघाली होती, तिची धाकटी मुलगी घोडीच्या पोटाखाली वाकली होती. गाठ सुटत नव्हती. मी पिशवी खाली ठेवून पुढं होणार, एवढ्यात तिनं दोर दातात धरला.