अर्धा इंच ढील

पट्ट्याची माझी पहिली ओळख पिठाच्या गिरणीतली. मंगरूळपीरला आमच्या गल्लीतल्या गिरणीचा रुंद, सपाट पट्टा घसरायला लागला की गिरणीवाले काका त्याच्यावर राळ चोळायचे. दळण घेऊन गेलेल्या पोरांना तिकडे फिरकायची बंदी होती.

बाबांच्या गाडीतला पट्टा मात्र मला हात लावू देत. महिंद्रा कमांडर, मंगरूळपीर–वाशीम रस्त्यावरची काळी-पिवळी. बॉनेट उघडलं की पंखा, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर या तिघांना फिरवणारा एकच पट्टा दिसायचा. हा पट्टा पुलीच्या खाचेत तळाला टेकत नाही, दोन्ही कडांनी फसून ओढतो. झिजून अरुंद झाला की तळाला लागतो. मग कितीही ताणा, सरकणारच. डेन्व्हरच्या जॉन गेट्सनं 1917 साली असा रबरी पट्टा काढला, हे मी फार पुढे वाचलं. बाबांना गेट्स ठाऊक नव्हता. पट्टा उलटवून कडा चकाकलेल्या दिसल्या की ते म्हणत, "हा गेला."

सकाळी इंजिन थंड असताना दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्यानं दाबायचं. साधारण अर्धा इंच लवला तर ठीक. जास्त लवला तर चीं चीं करणार, बॅटरी भरणार नाही, पाणी तापणार. माझा कल कायम घट्ट करण्याकडे. "लय ताणू नको रे, बेरिंग जाईन," हे बाबांचं वाक्य अजून कानात आहे. पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेरिंग पट्ट्यापेक्षा कितीतरी महाग!

बदलायचं काम तसं सोपं. अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो इंजिनाकडे ढकलायचा, पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून काढायचा, नवा त्याच वाटेनं आत घ्यायचा, मग टॉमीनं अल्टरनेटर बाहेर रेटून बोल्ट आवळायचे. घाईतले मेकॅनिक बोल्ट न सोडता स्क्रूड्रायव्हरनं पट्टा पुलीवर चढवतात. त्यात आतले धागे तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. आवाज येतो म्हणून साबण लावणारे ड्रायव्हरही कमी नव्हते. आवाज थांबतो, पट्टा सरकतच राहतो.

या पट्ट्याची खरी परीक्षा पोहरादेवीच्या यात्रेत. मानोरा तालुक्यातली ही बंजारा समाजाची काशी. रामनवमीला रस्ता माणसांनी फुलतो. चैत्राचं ऊन, भरलेली गाडी, पहिल्या गिअरमध्ये तासन्‌तास सरकणं. समोरून वारा नाही, म्हणजे रेडिएटरची सगळी भिस्त पंख्यावर. त्यात जुन्या डिझेल इंजिनाचा एक दगा: पट्टा तुटला तरी ते बंद पडत नाही. एकदा सुरू झालं की त्याला बॅटरीही लागत नाही. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा तेवढा लागतो. तो बघितला नाही, तर वाफ दिसेपर्यंत हेड गॅस्केट गेलेलं असतं. कित्येक गाड्यांत हा बल्बच उडालेला असायचा. बाबा हॉर्नवाचून गाडी काढतील, त्या बल्बवाचून नाही.

यात्रेआधी ते चालता पट्टा काढून नवा घालत आणि जुना तारेनं बॉनेटखाली बांधून ठेवत. चालतंय तोवर चालू द्यायचं, या आमच्याकडच्या रीतीत हे विचित्रच दिसे. पण तुटेपर्यंत वापरलेला पट्टा जोडीला ठेवता येत नाही, हा त्यांचा हिशेब मला पटतो.

धंदा सुटला, गाडी शेतावर आली. आता सोयाबीन निघालं की मी हडंब्याचे, म्हणजे मळणीयंत्राचे, पट्टे बघतो. तिथे शेजारी शेजारी धावणाऱ्या पट्ट्यांतला एक गेला तरी सगळे बदलावे लागतात. जुने लांबलेले असतात, एकटा नवा सगळा भार घेतो आणि लवकर तुटतो. दुकानदार एकच पट्टा देऊ करतो, तेव्हा मी संच मागतो.

समृद्धी महामार्गावर चालवतो ती गाडी नवी आहे. तिच्यात बारीक खाचांचा लांबच लांब पट्टा, ताण सांभाळणारी पुली स्वतःच सरकते. बाबांनी बॉनेट उघडून पाहिलं, अंगठा घालायला जागा शोधली. सापडली नाही. मग विचारलं, "चार्जिंगचा दिवा लागते का पाय बरं."