अडकणारा घास आणि चिनी औषध

प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट, मटणाचा तुकडा चावून चावून अगदी भुगा करणं, पंगत उठली तरी ताटावर बसून राहणं. घरचे म्हणतात, 'हा लहानपणापासून असाच सावकाश जेवतो.' पोटविकारतज्ज्ञ म्हणून मला त्यात वेगळंच काही दिसतं. एन्डोस्कोपीत निरोगी अन्ननलिका गुळगुळीत दिसते. असं जेवणाऱ्या काहींच्या अन्ननलिकेत मात्र एकाखाली एक कडी, उभ्या चिरा आणि पांढरे ठिपके असतात. बायोप्सीच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल पेशी दिसल्या, की इओसिनोफिलिक इसोफॅजायटिसचा, म्हणजे अन्ननलिकेच्या अ‍ॅलर्जीचा, संशय बळावतो. स्वतंत्र आजार म्हणून तो ओळखला गेला १९९०च्या दशकात.

उपचार आहेत. दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासळी यांतलं काही किंवा सगळंच बंद करायचं. ब्युडेसोनाईडसारखं स्टेरॉइड गिळायचं. २०२२पासून अमेरिकेत ड्युपिलुमॅबचं इंजेक्शनही आहे. पण पोळी आणि दूध दोन्ही बंद झालं की मराठी स्वयंपाकघराची किती ओढाताण होते, ते न्यू जर्सीतल्या आमच्या लोकांकडे मी पाहतो. मग विचारणा होते, 'डॉक्टर, ते चिनी औषध देऊन बघू का?'

या प्रश्नाला मी झटकून टाकत नाही, कारण त्यामागे खरं संशोधन आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेत डॉ. शिऊ-मिन ली यांनी 'वू मेई वान' या प्राचीन चिनी योगावरून अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी औषध घडवलं. मूळ योग सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंग यांच्या ग्रंथातला. त्यात धुरी देऊन काळं केलेलं आंबट फळ, सुंठ, दालचिनीच्या डहाळ्या, जिनसेंग आणि आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या जातकुळीतलं एक फळ. पण बचनागाच्या कुळातलं मूळही त्यात होतं आणि असारम नावाची वनस्पतीही. बचनाग हृदयाला घातक, तर असारममध्ये मूत्रपिंड निकामी करणारं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असू शकतं. लींच्या गटाने ही दोन्ही वगळली. परंपरेचा मान राखूनही तिच्यातलं विष काढून टाकता येतं, हे त्यांनी दाखवलं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या उंदरांमध्ये औषधाने उत्तम काम केलं. मग ६८ माणसांवर चाचणी झाली: रोज तीन वेळा दहा-दहा गोळ्या, सहा महिने. २०१५मध्ये निष्कर्ष छापून आला. औषध सुरक्षित ठरलं, पण अ‍ॅलर्जी कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. बऱ्याच जणांनी गोळ्या नेमाने घेतल्याही नव्हत्या. दिवसाला तीस गोळ्या कोण घेणार!

शिवाय ती चाचणी आयजीई प्रतिपिंडांमुळे झटकन उसळणाऱ्या अ‍ॅलर्जीची होती. अन्ननलिकेतला दाह आठवड्या-महिन्यांत साचत जातो आणि त्याची वाट वेगळी आहे. आयजीईला रोखणारं ओमालिझुमॅब इथे निष्प्रभ ठरलं, यावरूनच ते कळतं. म्हणून दाण्याच्या अ‍ॅलर्जीवरचं औषध इथेही चालेल, असं गृहीत धरणं मला पटत नाही.

त्याहून मोठी अडचण आहे ती 'बरं वाटण्या'ची. माणूस अन्न बारीक करून, पाण्याबरोबर ढकलून जमवून घेतो आणि घास अडकेनासा होतो. आत मात्र पेशी तशाच असतात, आणि वर्षानुवर्षं दाह राहिला की नळी आकसत जाते. त्यामुळे औषध चिनी असो, आयुर्वेदिक असो की माझ्या चिठ्ठीवरचं, मी बायोप्सीवरच विश्वास ठेवतो.

चिनी औषध घ्यायचंच असेल, तर पुडीवरची घटकांची यादी मला आधी दाखवा, यावर मी अडून बसतो. यादीच नसेल, तर ती पुडी घेऊ नका. यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणी सुरुवातीला आणि मध्येही करायची. ब्युडेसोनाईड आपल्या मनाने थांबवायचं नाही. आणि एकाच वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, नाहीतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बायोप्सी केली तरी गुण कशाने आला ते मलाही सांगता येणार नाही.