कोळशाचा पहारेकरी

गडचिरोली जिल्ह्यांतील मार्कंड्यास वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तेथें महाशिवरात्रीच्या यात्रेंत आम्ही मुक्कामास असतां, सोबतची मंडळी थंडीमुळें पेटती शेगडी खोलींत घेऊन दार लावूं लागली. आम्हीं तें उघडविलें. कोंडलेल्या जागीं जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो. त्यास ना रंग, ना वास. निजलेला मनुष्य निजेंतच दगावतो. चंद्रपुराकडील कोळशाच्या खाणींतही हें भय असतेंच.

ह्या अदृश्य वैऱ्याची वर्दी कोण देणार? १९९१ सालीं जपानच्या सुमिओ इइजिमा यांनीं कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या केसाच्या सहस्रांशाहूनही बारीक! २००० सालीं अमेरिकेंत दिसून आलें कीं, अमोनियाचा स्पर्श होतांच अशा नळीची विद्युद्वाहकता बदलते. कार्बन मोनॉक्साइड मात्र एकटी नळी नीटसा ओळखीत नाहीं. कथिलाच्या ऑक्साइडची जोड मिळाली म्हणजे ती ओळखूं लागते. कोळसा आणि ही नळी एकाच कार्बनचीं लेंकरें; काट्यानें काटा काढावा, तो असा!

हा पहारेकरी घरोघर येईल तेव्हां येवो. तोंवर, बालमित्रांनो, निजण्यापूर्वीं शेगडी अंगणांत ठेवावी, एवढें वडील मंडळींस अवश्य सांगा.