अकरा-वीसचा हट्ट

माळव्यातल्या पीपलरावां गावात त्याला ट्रक म्हणणारा माणूस सापडायचा नाही. तो ‘फौजी’. फौजी सकाळपासून नाल्यात आहे, फौजीची बॅटरी उतरली, फौजीला त्याचे मालक आबा यंदा रंग देणार होते त्याचं काय झालं. आबांच्या खळ्यात, सोयाबीनच्या भुशाच्या ढिगाशेजारी, रस्त्याकडे नाक करून तो उभा असतो. नाक म्हणजे खरंच नाक. हल्लीच्या ट्रकांचा चेहरा सरळ वरून खाली सपाट. याचं बॉनेट चांगलं पुढे आलेलं, त्याच्या दोन्ही अंगांना गोलसर मडगार्डं. सुगीच्या दिवसांत त्या मडगार्डांवर दोन पोरं बसतात आणि पुढचा चिखल किती खोल आहे ते ओरडून सांगतात.

जातीचा शक्तिमान. आराखडा जर्मनीच्या मान कंपनीचा, घडण जबलपूरची. १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत हे ट्रक निघू लागले, १९६९ मध्ये त्याच शहरात वाहन निर्माणी उभी राहिली, आणि नव्वदीच्या दशकापर्यंत लष्कराचं ओझं या नाकवाल्यांनी वाहिलं. मग त्याच निर्माणीत लेलँडचे स्टॅलियन ट्रक जुळू लागले आणि शक्तिमान लिलावात निघाले. कुणी ईशान्येच्या जंगलात लाकूड ओढायला गेला, कुणी भंगारात. आमचा माळव्यात आला. दारावरचा पिवळा रंग नखाने खरवडला की खाली हिरवा लागतो. पुढच्या पट्टीवर ऊन तिरकं पडलं तर लष्करी नंबराच्या आधी असतो तो वर तोंड केलेला बाण अजून ओळखू येतो.

मडगार्डावर चाकाच्या बरोबर वर ‘टी.पी.’ अशी अक्षरं आहेत. टायरमधला हवेचा दाब. लष्करी गाडीवर तो रंगवूनच ठेवतात, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी विचारत बसायला नको. पुढचा आकडा अर्धा उडाला आहे. आबा मात्र तो पूर्ण वाचतात, आणि दर वेळी वेगळा वाचतात.

फौजीचा स्वभाव सांगायचा तर तो पहिले दोन-तीन किलोमीटर लंगडतो. महिनाभर एका जागी उभा राहिला की नायलॉनच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा पडतो. निघाला की ठक्, ठक्, ठक् असा ठेका. टायर तापले की रबर परत गोल होतं आणि ठेका थांबतो. गावात नवीन आलेल्या मास्तरांना वाटलं होतं, चाक निखळतंय. ते मागून मोटरसायकल घेऊन धावले. आबांनी खिडकीतून हात दाखवून सांगितलं, जरा दम धरा, अजून झोपेत आहे तो.

पण गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ठेका थांबेना. टायरच्या कुशीवर बोट आत जाईल एवढ्या भेगा, आणि एका ठिकाणी फुगवटा. चारही टायर बदलायचे ठरले. इथून खरा फौजी कळायला लागला.

पहिला प्रस्ताव सोनकच्छच्या टायरवाल्याचा. ‘दस-बीस डाल दो बाबूजी, सब चलता है.’ दस-बीस, म्हणजे १०.००-२०: दहा इंच रुंदीचा, वीस इंचांच्या रिमवरचा टायर. देशातले निम्मे जुने ट्रक त्याच्यावर धावले असतील. हव्या त्या दुकानात मिळतो, रबर चढवलेलाही मिळतो. फौजीच्या अंगावर होता ११.००-२०. एक इंचाने काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. पण तो इंच रुंदीतच राहत नाही. दस-बीसची उंचीही साधारण तीन सेंटिमीटरने कमी भरते, म्हणजे एका फेऱ्यात चाक नऊ-साडेनऊ सेंटिमीटर मागे पडतं. पुढचे दोन दस-बीस आणि मागचे दोन अकरा-वीस, असं आबांच्या पुतण्याने काटकसरीचं गणित मांडलं होतं. साध्या ट्रकात ते खपून जाईल. इथे पुढच्या धुऱ्यालाही ताकद जाते. पुढचा ड्राइव्ह लावला की दोन्ही धुरे एकाच गिअरपेटीला बांधले जातात. पुढची चाकं जास्त फेरे मागणार, मागची कमी. काळ्या चिखलात चाक घसरतं आणि तो हिशेब जिरतो. डांबरावर जिरत नाही. शाफ्टमध्ये पीळ साठतो, ड्राइव्ह सोडायचा दांडा जागचा हलत नाही, आणि मग कुठलं तरी एक दातेरी चक्र सगळ्यांच्या वतीने हिशेब चुकता करतं. तेव्हा चार घ्यायचे तर चारही एका मापाचे, आणि झीजही जवळपास एकसारखी.

दुसरा प्रस्ताव पुतण्याचाच, पण आता उलट टोकाचा: ट्यूबलेस. साडेबावीस इंचांची नवी रिम, १२आर२२.५ चा रेडियल. अकरा-वीसच्या उंचीला तो बरोबर बसतो, हे त्याचं म्हणणं खरंही होतं. त्याने पिथमपूरच्या नॅट्रॅक्सचे व्हिडिओ आबांना दाखवले. धार जिल्ह्यातली ती चाचणी-धावपट्टी ११.३ किलोमीटरची, २०२१ मध्ये खुली झाली. गाड्या तिथे अशा वेगाने फिरतात की आबांनी मोबाइल लांब धरला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, ‘आपला जास्तीत जास्त किती पळतो?’ चाळीस. उतारावर.

वेग बाजूला ठेवला तरी रिम बदलणं म्हणजे नुसता टायर बदलणं नव्हे. नटांची भोकं किती, त्यांचं वर्तुळ किती मिलिमीटरचं, मधलं मोठं भोक धुऱ्याच्या गोळ्यावर घट्ट बसतं का, चाक आत-बाहेर किती सरकतं, हे सगळं जुळायला हवं. चाक बाहेर सरकलं की स्टिअरिंग जड होतं, आणि याचं स्टिअरिंग मुळातच दोन्ही खांद्यांनी फिरवायचं आहे. काही जुन्या ट्रकांत डाव्या अंगाचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते न बघता पान्यावर उभं राहणाऱ्याने बोल्ट तोडल्याच्या गोष्टी टायरच्या दुकानांत नेहमी ऐकू येतात. आणि ट्यूबलेस इथल्या शेतरस्त्यावर दगडाने कापला गेला तर तो काढायला-बसवायला यंत्र कुठे आहे? ट्यूबचा टायर पीपलरावांत झाडाखाली दोन टॉमी, म्हणजे टायर उचकटायच्या पहारी, आणि एक घण यांवर खोलता येतो. माझं मत तिथेच पक्कं झालं.

आबांचा हट्ट तिसराच. त्यांना ‘ओरिजिनल’ हवे होते: लष्करी नक्षीचे, पुढे-मागे दोन्हीकडे सारखी पकड देणारे. जुन्या लष्करी मालाच्या एका व्यापाऱ्याकडे तसे टायर निघाले. एकदाही न वापरलेले, वर खडूने नंबर टाकलेले. आबांचा चेहरा खुलला. सोबत आलेल्या टायरवाल्याने काही न बोलता कडेवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे अंगठ्याने पुसले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. एका टायरवर चारसुद्धा नव्हते, तीनच होते, म्हणजे २००० च्या आधीचा. मग त्याने नक्षीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं आणि खाच रुंद केली. तळाशी बारीक जाळी पडलेली. न चाललेला टायरही म्हातारा होतो. आबा परत येताना रस्ताभर बोलले नाहीत.

शेवटी फौजीचं काम बघून ठरवलं. पाच टन भरून तो आता कुठे जात नाही. पावसाळ्याच्या तोंडी बोअरचे पाइप आणि पंप उचलायचे, आणि सोयाबीन निघायच्या दिवसांत रुतलेल्या ट्रॉल्या ओढायच्या. माळव्याची काळी माती नक्षीच्या बारीक खाचांत एकदा बसली की चाक गुळगुळीत होतं, म्हणून खाचा खोल आणि मोकळ्या हव्यात. नायलॉनचे अकरा-वीस, जाड गोट्यांचे, सोळा प्लायचे. रेडियल थंड धावतो हे खरं. पण लांब धावायचंच नाही तर थंडावा कशाला? बांधावरचे दगड कुशीवर झेलायला नायलॉन बरा. इंदूरहून मागवावे लागले. दस-बीसपेक्षा महाग पडले, हे पुतण्या अजून मोजून सांगतो.

टायर आले आणि फौजीने शेवटची खोडी काढली. जुने टायर खोलल्यावर एका रिमचा गंज दिसला. ही रिम तीन तुकड्यांची: मूळ रिम, कडेची पट्टी, आणि तिला धरून ठेवणारी लॉक रिंग, एका जागी कापलेली पोलादी बांगडी. ती बांगडी ज्या खाचेत बसते ती खाच गंजाने खाल्लेली होती. टायरवाल्याने त्यावर नखं फिरवली आणि चाक बाजूला लोटलं. ‘इसमें हवा मैं नहीं भरूँगा.’ आबांनी वेल्डिंगचं नाव काढलं तर तो मागेच सरकला. हवा भरताना रिंग सुटली तर ती माणसाचं डोकं बघत नाही. जाणता माणूस चाक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून, नाहीतर साखळीने जखडून, लांबूनच हवा भरतो. देवासच्या भंगारबाजारात वीस इंची रिमांची रास होती, पण बहुतेक दस-बीसच्या, साडेसात इंच रुंद. अकरा-वीसला आठ हवी. आठची मिळाली तर तिची रिंग दुसऱ्याच कंपनीची, आणि एकाची रिंग दुसऱ्याच्या रिमला लावू नये. पूर्ण जोडी मिळेपर्यंत फौजी तीन चाकांवर आणि एका लाकडी ठोकळ्यावर उभा होता. त्याच्या सावलीत कुत्री झोपत होती, आणि रुतलेल्या ट्रॉल्यांचे मालक येऊन ठोकळ्याकडे बघून परत जात होते.

आता चारही नवे आहेत. पाचवा नाही. मागे स्टेपनी म्हणून एक दस-बीस लटकतोय. तो लावायची वेळ आली तर मागच्या धुऱ्याला लावायचा आणि पुढचा ड्राइव्ह अजिबात जोडायचा नाही, असं ड्रायव्हरला बजावलं आहे. पाचवा अकरा-वीस सोयाबीन विकल्यावर घेऊ, असं आबा म्हणतात. भाव पडलेत म्हणून सोयाबीन अजून कोठारातच आहे.